राखून ठेवलेला डाव

वस्ताद,

तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा जे आलं ते सांगायची लाज वाटते, पण आता तुमच्यापासून काय लपवायचं? मला वाटलं, खोटं असेल. फरहादचा, तुमच्या भाच्याचा, मेसेज मी जुमेरा लेक टॉवर्समधल्या आमच्या ऑफिसात लिफ्टची वाट बघत वाचला. सकाळी देऱ्यातल्या दुकानात चहा घेता घेता तुम्ही भिंतीला मान टेकली ती टेकलीच, असं त्यानं लिहिलं होतं. आणि मी काय केलं? नंबर त्याचाच आहे ना, ते आधी तपासलं. मग दुकानाच्या फोनवर लावून खात्री करून घेतली. फरहाद रडत होता. ते रडणं खरं वाटलं तेव्हा कुठं मला ते पटलं.

तुम्ही हसला असता. "तुम पुलिस है?" हा तुमचा मला पहिल्या दिवसापासूनचा प्रश्न. पोलीस नाही, वस्ताद, गाड्यांच्या इन्शुरन्सचा सर्व्हेअर. ठोकलेली गाडी बघायची आणि मालक सांगतो तशीच ती ठोकली गेली का, हे ठरवायचं. अठरा वर्षं दुबईत हेच करतोय. उभ्या गाडीला कुणीतरी धडक देऊन पळालं म्हणणाऱ्याच्या बंपरवर मी पार्किंगच्या खांबाचा पिवळा रंग शोधतो आणि बहुतेक वेळा तो सापडतो. अशा माणसाच्या अल बर्शातल्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये तुम्ही कागद चिकटवला होता, 'फ्रीस्टाइल कुस्ती, मुलं आणि मुली, शिकवणार वर्ल्ड चॅम्पियन.' वर्ल्ड चॅम्पियन आणि लिफ्टमध्ये सेलोटेपनं चिकटवलेला? माझ्या मनात पाल चुकचुकली. माझी सई तेव्हा अकरा वर्षांची होती. तिनं कागद वाचला आणि म्हणाली, "आय वॉन्ट टु डू धिस." मी म्हटलं, आधी बघून येतो.

बघायला आलो तो तुमचे कान बघितले. दोन्ही फुटलेले, पार मुडपून गड्डा झालेले. आमच्या कोल्हापूरकडं कान फुटलेला माणूस दिसला की म्हातारीकोतारीसुद्धा रस्त्यात बाजूला होतात, पैलवान आहे म्हणून. सर्टिफिकेट छापून मिळतं, मेडल कुठूनही आणता येतं, पण कान विकत मिळत नाहीत. त्यामुळे कुस्तीगीर आहात एवढं मी मान्य केलं. बाकीचं राखून ठेवलं.

घरी येऊन तुमचे व्हिडिओ शोधले. सापडले आणि खरेच निघाले. जागतिक स्पर्धेच्या त्या फायनलमध्ये तुम्ही समोरच्याला पोटावर पाडलंत, त्याचे घोटे एकमेकांवर चढवलेत, दोन्ही हातांनी त्यांना मिठी मारलीत आणि त्याला घेऊन लोळलात. एक पलटी, दोन, तीन, चार. गुणांचा फरक इतका झाला की पंचांनी कुस्ती तिथंच थांबवली. मी सोफ्यावर उठून बसलो होतो. माझी बायको वैशाली आतून म्हणाली, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही. माणूस खरा आहे."

तिथंच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण मी पुढच्या वर्षीची फायनलही बघितली. तुम्ही एका गुणानं मागे. शेवटचं अर्धं मिनिट. समोरचा पुन्हा पोटावर, पुन्हा तेच घोटे तुमच्या मिठीत, आख्खं स्टेडियम तुमच्या नावानं ओरडतंय. तुम्ही लोळायला सुरुवात केलीत आणि पाय सोडून दिलेत. तो उठला, वेळ संपली. तुम्ही खाली बघत मॅटवरून उतरलात. त्यानंतर तुमचा एकही व्हिडिओ नाही. कुस्ती सोडताना मॅटच्या मध्यावर बूट काढून ठेवायची तुम्हा लोकांची पद्धत, तीही तुम्ही पाळली नाहीत. थेट देऱ्यात भाच्याच्या दुकानात पिस्ते आणि केशर विकायला.

आमच्यात याला नुरा कुस्ती म्हणतात. आधी ठरवून हरलेली. जत्रेच्या मैदानात लोक अशा पैलवानाला टोप्या फेकून मारायचे. तो व्हिडिओ मी किती वेळा बघितला असेन याला गणती नाही. सेकंदासेकंदाला थांबवून बघितला, जसा गाडीचा डेंट बघतो. धक्का नाही, ओढ नाही, समोरच्यानं काहीच केलं नव्हतं. हातात आलेले पाय कुणी असे सोडत नाही. एवढं ठरवूनही मी सईला तुमच्याकडं घातलं, कारण दुबईत मुलीला कुस्ती शिकवणारा दुसरा कोण मिळणार होता?

सईला तुम्ही काय शिकवलंत ते मी विसरत नाही. खाली वाकून एकेरी पट काढायला, म्हणजे समोरच्याचा एक पाय धरून त्याला पाडायला, ती दोन वर्षांत अशी शिकली की पोरांची भंबेरी उडायची. पडली की रडायची नाही, तुमच्याकडं बघायची. तुम्ही "यल्ला" म्हणायचात आणि ती उठायची. घरात सांगून उठत नाही ती पोरगी! तुमचा वर्ग भरायचा त्या गोदामातल्या हॉलच्या दाराशी मी प्लास्टिकच्या खुर्चीत बसून सगळं टिपत होतो. मंगळवार, गुरुवार, न चुकता.

आणि जे टिपत होतो त्यात बरंच खटकत होतं. तुम्ही कुणाशी हात मिळवत नव्हता. मी हात पुढं केला की तुम्ही उजवा हात छातीवर ठेवून किंचित झुकायचात. तुमच्याकडची रीत आहे हे मला माहीत होतं, पण फरहाद तर हात मिळवायचा. मला वाटलं, चॅम्पियनचा तोरा. चहाचा छोटा ग्लास तुम्ही डाव्या हातात धरायचात, दातात साखरेचा खडा. तुमच्या धर्मात डाव्या हातानं खातपीत नाहीत, हेही मी इतक्या वर्षांत शिकलोय. मनात म्हटलं, बघा, कशाचंच काही पाळत नाही हा माणूस.

एकदा तर मी तुम्हाला माझे बूट चाचपताना पकडलं. ऑफिसचे काळे बूट मी दाराशी रॅकवर काढून ठेवले होते. तुम्ही त्यातला एक उचललात, उलटा केलात, तळ बघितलात, आत डोकावलात आणि परत ठेवलात. मी पाणी पिऊन येत होतो. तुम्हाला वाटलं मी बघितलं नाही. घरी जाताना गाडीत सईला विचारलं, "तुझे उस्ताद लोकांचे बूट का बघतात गं?" ती म्हणाली, "बाबा, प्लीज. स्टॉप इन्स्पेक्टिंग एव्हरीवन."

पण माझा खरा संशय वेगळाच होता. तीन वर्षं झाली तरी घोट्यांना मिठी मारून लोळायचा तो डाव, ज्यानं तुम्ही जग जिंकलंत, तो तुम्ही सईला दाखवला नव्हता. कुणालाच दाखवत नव्हता. तोंडानं बोलायचात, हवेत हात फिरवायचात आणि दुसऱ्या डावाकडं वळायचात.

वस्ताद, हे मी का धरून बसलो, ते तुम्हाला कधी सांगितलंच नाही. आमच्या तालमीत एक समज आहे. वस्ताद पठ्ठ्याला सगळे डाव देतो, पण एक स्वतःजवळ ठेवतो, पठ्ठा उद्या उलटला तर असावा म्हणून. लहानपणी आम्ही हे हसत हसत सांगायचो. एकोणिसाव्या वर्षी जत्रेच्या मैदानात माझी कुस्ती लागली आमच्याच तालमीतल्या गड्याशी. त्याच मातीत घुमलेलो, त्याच वस्तादाचे आम्ही दोघं. त्यानं मला ज्या डावावर चितपट केलं, तो मी जन्मात बघितला नव्हता. माती झटकत उठलो आणि वस्तादांकडं बघितलं. ते फेटा नीट करत दुसरीकडं बघत होते. त्यांनी राखून ठेवलेला डाव त्याला दिला होता, मला नाही. वडील शेजारी उभे होते. त्यानंतर मी लंगोट बांधला नाही. शिकलो, दुबईला आलो, गाड्यांचे डेंट बघायला लागलो.

म्हणून तुमच्याकडं मी तसा बघत होतो. आता माझ्या पोरीची पाळी, असं वाटायचं.

तुम्ही एकदाच आमच्या घरी जेवायला आलात. पहिल्याच वर्षी, दिवाळीच्या आधीचा शनिवार होता. वैशाली कापूस घेऊन वाती वळत बसली होती. तुम्ही खुर्चीवरून खाली उतरलात आणि लहान मुलासारखे बघत बसलात. "फितीले!" तुम्ही म्हणालात. मग सांगितलंत की तुमच्याकडं वातीला हेच म्हणतात आणि त्या डावाचं नावही यावरूनच पडलंय, वातीला पीळ देतात तसा माणसाला पीळ द्यायचा. वैशाली म्हणाली, "आप करके देखिए ना." तुम्ही कापूस तळहातांत घेतलात, घासलात. वात काही होईना. कापूस फुलून बाहेर आला. "खलास," म्हणून तुम्ही हसलात आणि तो माझ्यासमोर सरकवलात. "तुम करो. तुम्हारा हाथ अच्छा है."

मी म्हटलं, हे बायकांचं काम. वैशालीनं माझ्याकडं असं बघितलं की मी जेवताना कोशिंबीर पुन्हा मागितली नाही. सई तुमच्या उजव्या हाताकडं बघत होती. ते मी बघितलं आणि त्यातूनही मला काही कळलं नाही. सर्व्हेअर म्हणे!

त्यानंतर तुम्ही प्रत्येक वेळी एकच धोशा लावलात. "मॅट पे आओ." मी म्हणायचो पाठ दुखते. तुम्ही म्हणायचात थोडंच करायचं. मी म्हणायचो माझ्याकडं मॅटचे बूट नाहीत आणि ऑफिसच्या बुटांनी तुम्ही चढू देणार नाही. तुम्ही म्हणायचात, "ठीक, ठीक, इन्शाल्ला." मला वाटायचं, फुकटात मदतनीस हवाय. नाहीतर पोरांसमोर मला आपटून दाखवायचंय.

मग क्लबांच्या स्पर्धेतली ती कुस्ती. सई दोन गुणांनी मागे. शेवटचं अर्धं मिनिट. समोरची पोटावर पडलेली, दोन्ही घोटे सईच्या हातात. आणि माझी पोर त्या घोट्यांकडं बघत बसली. काय करायचं हे तिच्या हातांना माहीतच नव्हतं. वेळ संपली.

पार्किंगमध्ये मी तुम्हाला जे बोललो ते मला पाठ आहे. तुम्हालाही असणार.

"आपने एक दांव छुपाके रखा," मी म्हणालो.

"नहीं छुपाया. सब दिया."

"झूठ. जिससे आप चॅम्पियन बने, वो कहाँ दिया?"

"तुम मॅट पे आओ. मैं समझाता है. मैं तीन साल से बोलता है, आओ."

"मुझे पटकना है? सबके सामने?" माझा आवाज चढला होता. सई गाडीच्या दाराशी उभी होती. आणि मग मी ते विचारलं. "आखिरी फायनल में पाँव क्यों छोड़ा? किसने बोला था?"

तुमचा चेहरा तेव्हा कसा झाला, वस्ताद! मी पुष्कळ माणसं खोटी पडताना बघितली आहेत, त्यांचा चेहरा असा होत नाही. हे मला तेव्हाही दिसलं होतं. तुम्ही नेहमीसारखा हात छातीवर ठेवलात, झुकलात आणि मेट्रो स्टेशनकडं चालायला लागलात. मी "सोडतो स्टेशनपर्यंत" असंही म्हणालो नाही.

दीड महिना सईला पाठवलं नाही. ती माझ्याशी धड बोलली नाही. तुमचे दोन फोन आले, मी उचलले नाहीत. म्हटलं, सारवासारव करायची असणार. तिसरा आला नाही.

तुम्हाला तुमच्या गावी नेलं. इथं सातव्या दिवशी दुकानाच्या वरच्या खोलीत लोक बसले होते. खजूर, हलवा, चहा. तुमचा तरुणपणीचा फोटो, गळ्यात मेडल. पोरं होती, त्यांचे आईबाप होते. सई फोटोसमोर बसून रडत होती आणि मी चहाचा ग्लास हातात घेऊन, उगीच काहीतरी म्हणायचं म्हणून, शेजारच्या गृहस्थांना म्हणालो की तुम्ही तुमचा मोठा डाव सोबतच घेऊन गेलात.

सईनं ऐकलं. तिथंच, सगळ्यांसमोर वळली.

"ही कुडन्ट क्लोज हिज हँड, बाबा."

मला कळेना. तिनं आपल्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं धरून दाखवली. "दीज टू. नेक इंज्युरी, हाताची नर्व्ह दबली. त्या लास्ट फायनलच्या आधीची. ही हिड इट, नाहीतर टीममधून काढलं असतं. ग्रिप गेली त्याची. आम्हाला सगळ्यांना माहिती आहे, फर्स्ट डेलाच सांगितलं त्यानं."

"मला का नाही सांगितलंस?"

"ही सेड, पेरेंट्सना नको. एक हातवाल्या कोचकडे कोण पाठवणार?" मग तिनं नाक पुसलं. "अँड यू? यू वुड हॅव रिटन अ रिपोर्ट."

छातीवरचा हात, डाव्या हातातला चहा, न वळलेली वात. सगळं माझ्या डोळ्यांदेखत होतं. सईला तो डाव तुम्ही तोंडानं शंभर वेळा सांगितला होता, हेही तिनंच सांगितलं. "पण समवन हॅज टु डू इट ऑन मी. ही वॉन्टेड यू टु. यू हॅव हँड्स, ही सेड."

निघताना फरहादनं काउंटरखालून एक खोका काढला. "ये आपका. मामू ने बोला था, सई का पापा मॅट पे आएगा तो देना. तीन-चार महीना हो गया, पड़ा है." आत कुस्तीचे नवे बूट होते, निळे. त्रेचाळीस नंबर. माझा नंबर. तीन-चार महिने, म्हणजे पार्किंगच्या कितीतरी आधीचे. माझा बूट उलटा करून तुम्ही काय बघत होतात ते मला देऱ्याच्या फुटपाथवर कळलं. तिथंच खोका पोटाशी धरून मी रडलो. येणारेजाणारे बघत होते. सईनं माझा दंड धरला आणि मेट्रोपर्यंत सोडला नाही.

खरं सांगू, वस्ताद? तरीही माझा स्वभाव जात नाही. घरी येऊन मी तो व्हिडिओ पुन्हा लावला. बोटं दिसतात का बघायला. चित्र इतकं धूसर आहे की दिसत नाहीत. मनात आलं, डॉक्टरचा कागद मी बघितलेला नाही. मुलांना काय, जे सांगाल ते खरं वाटतं. घटना होऊन गेल्यावर तिला बसणारं कारण शोधणं फार सोपं असतं, हे मी रोज बघतो. आणि दुखापत लपवून उतरलात तर घरी राहिलेल्या दुसऱ्या कुणाची तरी जागा तुम्ही घेतलीत, हेही आलंच. बूट मॅटवर का ठेवले नाहीत, ते यामुळेच असेल का? विचारायला तुम्ही नाही. फोन आले होते तेव्हा मी उचलले नाहीत. माफ करा, असं म्हणायला सोपं आहे. तुम्ही असताना ते तोंडातून निघालं नाही.

काल गुरुवार होता. मोठी पोरं हॉल चालवताहेत, भाडं महिनाअखेरपर्यंतचं भरलेलं आहे. मी निळे बूट घातले. मॅटवर चढताना सवयीनं वाकून हात लावला आणि कपाळाला नेला, माती नव्हती तरी. सत्तावीस वर्षांनी. सई पोटावर झोपली आणि खालूनच मला सांगायला लागली, तुमच्याच शब्दांत. उजवा घोटा वर घे. कोपर आत. गाल माझ्या पोटरीला लाव. आता हात लॉक कर. टाइट, बाबा, टायटर.

मी मिठी मारली आणि लोळलो. ती वळली! माझ्या हातात माझी पोर वातीसारखी वळली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. "अगेन," सई म्हणाली. दुसरी पलटी. तिसरी. चौथीला श्वास लागला, दंड भरून आले. "अगेन." पाचव्यांदा मी जीव खाऊन आवळलं, लोळायला सुरुवात केली आणि माझी बोटं उघडली. मला कळलंसुद्धा नाही कधी. धक्का नाही, ओढ नाही, तिनं काहीच केलं नव्हतं. रिकामे हात घेऊन मी छताकडं बघत पडलो होतो.

सई उठून बसली. केस मागं सारत, धापा टाकत तिनं विचारलं, "बाबा, पाय का सोडलेस?"

मी सोडले नव्हते, वस्ताद.